धर्मशाळेतला एक तास

“काकू कुठे आहेत?” मी विचारलं.

“मागं आहे की,” शेटेकाका हातातल्या कागदावरून नजर न उचलता म्हणाले. मग वळले. मागे कोणी नव्हतं.

बाजारचौकातल्या दगडी छत्रीखाली दोन वाजताच्या मोजणीसाठी माझे पस्तीस प्रवासी गोळा झाले होते. कोणाच्या हातात चीजची पिशवी, कोणाच्या हातात जुनी कपबशी, कोणाला बाथरूमला जायचं होतं. दोनदा मोजले, पस्तीसच भरले. छत्तिसाव्या शेटेकाकू. अकरा दिवसांत मी त्यांना काकांच्या मागे दोन पावलांपेक्षा लांब कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ती मोकळी जागा माझ्या डोळ्यांना लगेच टोचली.

“आत्ता तर होती,” काका म्हणाले. “लोणीबाजार बघितला तेव्हा होती. म्युझियमला... म्युझियमला मी पाट्या वाचत होतो.”

“फोन?”

“एकच सिम घेतलंय. माझ्या खिशात आहे.”

सोळा-सतरा वर्षं झाली या गोष्टीला. पुण्यातल्या एका प्रवासी कंपनीत मी टूर मॅनेजर होते. नवरा गेल्यावर घरात बसवेना म्हणून हे काम धरलं आणि आठ वर्षं जगभर लोकांची बॅगांसकट राखण केली. चौदा दिवसांच्या इंग्लंड-स्कॉटलंड टूरचा तो अकरावा दिवस होता. अकराव्या दिवशी टूर मॅनेजरला काहीही सुंदर दिसत नाही. बाथरूम कुठे आहे, बस कुठे उभी राहील आणि जेवणात बटाट्याशिवाय काय मिळेल, एवढंच दिसतं. माझे पाय सुजून बुटात मावत नव्हते आणि बसच्या माइकवर मी तेच विनोद तिसऱ्यांदा करत होते. लोक हसत होते, कारण तेही दमले होते.

हॅल्डनबरी हे उत्तरेकडे जाताना लागणारं जुनं बाजाराचं गाव. सातशे वर्षं तिथे शनिवारी बाजार भरतो म्हणतात. कंपनीने तिथे तीन तासांचा थांबा ठेवला होता, एक ते चार. गावाच्या माहिती केंद्रात एक घडीचा कागद मिळायचा, ‘गावात पाहण्यासारखं’, आणि त्यात सात ठिकाणं क्रमाने दिलेली. मी बसमध्येच ती सगळी मराठीत सांगून टाकायचे. तीच माझी पद्धत होती. इंग्रजी नावं कोणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मी बटर मार्केटला लोणीबाजार म्हणायचे, किल्ल्याच्या उरलेल्या टेकाडाला गढी, दारुड्यांना डांबायच्या दगडी खोलीला कोठडी. आणि चर्चमागच्या सात बैठ्या घरांना, जी कोणा श्रीमंत लोकर-व्यापाऱ्याने गावातल्या निराधार म्हाताऱ्यांसाठी चारशे वर्षांपूर्वी बांधली, त्यांना मी धर्मशाळा म्हणायचे. लोक खूश व्हायचे. आपल्याकडेही असंच असतं, म्हणायचे.

शेटेकाका कराडचे. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात उभा जन्म गेलेला. त्यांच्या खिशात लाल पेन्सिल असे. कार्यक्रमपत्रिकेत जे छापलंय ते झालं की त्यावर बारीक खूण, नाही झालं की माझ्यापुढे हजर. “छापलंय ते दाखवायचं, मॅडम. आम्ही फुकट आलो नाही.” ऑक्सफर्डला एक वाचनालय दुरुस्तीसाठी बंद होतं तर त्यांनी मला अर्धा तास झापलं. काकू मागे उभ्या राहून ऐकत. एकदा फक्त माझ्या दंडाला हात लावून गेल्या होत्या.

त्या हंगामात माझ्यावर आधीच दोन तक्रारी लेखी आल्या होत्या. साहेबांनी निघताना सांगितलं होतं, “वसुधा, तिसरी आली तर तू ऑफिसात बसून व्हिसाचे फॉर्म भर. बाहेर नाही.” तेव्हा शेटेकाकांच्या लाल पेन्सिलीला मी किती घाबरत असेन ते समजा.

माणूस हरवलं तर काय करायचं याचा कंपनीचा नियम साधा होता. अर्धा तास शोधायचं. नाही सापडलं तर पुण्याला फोन आणि तिथल्या पोलिसांत वर्दी. 

“तुम्ही इथेच थांबा,” मी काकांना म्हटलं. “काकू परत आल्या तर चुकामूक नको. मी बघून येते.”

बाकीच्यांना चहाच्या दुकानात बसवलं आणि पाटणकर वहिनींच्या ताब्यात दिलं. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, कोणाला हलू देणाऱ्या नव्हत्या. मग निघाले. रोपांचा ठेला, मासेवाल्याची गाडी, जुन्या चमच्यांचं टेबल, बायकांचं बाथरूम. मोहरीच्या रंगाची साडी, त्यावर जांभळा स्वेटर, डोक्याला कानटोपी असलेली बाई पाहिलीत का, असं दहा जणांना विचारलं. अंडी विकणाऱ्या बाईने चर्चच्या बाजूला हात केला.

चर्चला वळसा घालून मी त्या सात घरांपाशी आले. बुटकी दारं, दाराशी कुंड्या, कठड्यावर मांजर. चौथ्या घराचं दार उघडं होतं, आणि उंबऱ्याशी बुटांचा पांढरा जोड शिस्तीत लावून ठेवलेला होता. प्रत्येक बुटात एकेक मोजा घडी करून. इंग्लंडात दुसऱ्याच्या दाराशी चपला काढणारं माणूस कुठून आलंय हे विचारावं लागत नाही. ती लोकांची राहती घरं आहेत, हे मी बसमध्ये सांगितलंच नव्हतं.

आत डोकावले. मागच्या बाजूला दुसरं दार होतं, तेही उघडं, आणि त्यापलीकडे हातभर बाग. बागेत दोन खुर्च्या. एकीत नव्वदीला टेकलेली, कापसासारख्या केसांची म्हातारी. दुसरीत शेटेकाकू. अनवाणी. पाय एका पालथ्या बादलीवर. दोघींच्या मध्ये मटारची टोपली, आणि दोघी मटार सोलत होत्या.

“काकू!”

त्यांनी चमकून पाहिलं. चोरी सापडल्यासारखा चेहरा झाला.

मी त्या म्हातारीची शंभरदा माफी मागितली. हे तुमचं राहतं घर आहे, यांना वाटलं सगळ्यांसाठी उघडं आहे, चूक माझी आहे, असं काय काय इंग्रजीत बोलत सुटले. तिचं नाव डोरीन. तिने मला मटार सोलता सोलता हातानेच गप्प केलं. ती म्हणाली की उघड्या दारात पाहिलं तेव्हा या बाई दोन्ही हात जोडून उभ्या होत्या, पायात काही नव्हतं, आणि दिसतच होतं की यांना बसायचं आहे. म्हणून खुर्ची दिली. यात माफी कसली? या घरात चारशे वर्षं दमलेल्या बायकाच राहत आल्यात.

मी ते काकूंना सांगितलं. त्या ओशाळल्या.

“मग ही धर्मशाळा नव्हे?” त्यांनी हळूच विचारलं. “तुम्ही बसमध्ये सांगितलंत. आमच्याकडं धर्मशाळेत वाटसरू टेकतोच की. दार उघडं दिसलं. म्हटलं जरा टेकावं.”

“चूक माझीच. पण चला आता. काका काळजीत आहेत.”

काकू उठल्या नाहीत. हातातली शेंग सोलून पूर्ण केली, दाणे टोपलीत टाकले. मग माझ्याकडे पाहिलं.

“ताई, एक तास द्याल का मला?”

“म्हणजे?”

“मी इथं बसते. तुम्ही सांगा, सापडली नाही म्हणून.”

“काकू, असं कसं सांगू? सरळ काकांना सांगा ना, दमलेय म्हणून. तुम्ही इथे बसा, ते फिरून येतील.”

“सांगितलं तर ते पण फिरायचे नाहीत. आणि मग घरी गेल्यावर वर्षभर ऐकायचं, तुझ्यामुळं राहिलं.” त्यांचा आवाज तक्रारीचा नव्हता, बाजारभाव सांगावा तसा होता. “हरवलेल्या माणसावर कोण चिडत नाही, ताई. दमलेल्यावर चिडतात.”

मी दाराच्या चौकटीला टेकले.

“अकरा दिवस झाले,” त्या म्हणाल्या. “राजवाडे बघितले, पूल बघितले, राण्यांच्या कबरी बघितल्या. सगळं दोरीच्या अलीकडनं. एका माणसाच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. हिची मोरी बघितली मी मघाशी. काय लख्ख आहे! तिला मी बोलते ते कळत नाही, मला ती बोलते ते कळत नाही. बरं वाटतंय.” मग थांबून म्हणाल्या, “हे वाईट नाहीत हो. तसं समजू नका. पण पाय उरले नाहीत माझ्यात.”

बादलीवरचे ते पाय मी पाहिले. घोट्यांना सूज, करंगळीला फोड फुटलेला. माझ्या बुटात तसेच दोन पाय होते. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर दया वगैरे नंतर आली. आधी मला त्या बाईचा हेवा वाटला. मलाही त्या बागेत तिसरी खुर्ची हवी होती.

घड्याळात दोन चाळीस झाले होते.

“तीन चाळीसला चौकात या,” मी म्हटलं. “चर्चच्या भिंतीला धरून सरळ. एक मिनिट उशीर नको.”

“देव तुमचं भलं करो,” काकू म्हणाल्या आणि दुसरी शेंग उचलली.

चौकात परतेपर्यंत मी काय केलं ते माझ्या लक्षात आलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नवऱ्यापासून बायको लपवायची, ऑफिसपासून हे सगळंच लपवायचं, आणि नवरा तोही शेटेकाकांसारखा.

“सापडली?” ते चार पावलं पुढे आले.

“अजून नाही. पण गाव लहान आहे. सापडतील.”

“आता फोन करा ऑफिसला. पोलिसांना सांगा. अर्धा तास होऊन गेला.”

नियम त्यांना पाठ असणारच. मी मोबाइल काढून कानाला लावला, थोडं बाजूला गेले, आणि बंद फोनमध्ये मराठीत दोन वाक्यं बोलले. इतका हलकट प्रकार मी आयुष्यात त्याआधी केला नव्हता.

“ते म्हणतात आणखी एक फेरी मारा,” मी येऊन सांगितलं. “चला, आपण दोघं जाऊ.”

मग मी शेटेकाकांना हॅल्डनबरी दाखवलं. चर्च सोडून बाकी सगळं. जिथे काकू नाहीत हे मला ठाऊक होतं त्या प्रत्येक ठिकाणी त्यांना घेऊन गेले. आधी गढी. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि वर चढायला गवतातली पायवाट. काका धापा टाकत चढले. वर तटाचा एक तुकडा आणि मेंढ्या. त्यांनी चारी बाजूंना पाहिलं आणि हाक मारली, “अगं ए!” मेंढ्यांनी माना वर केल्या.

“इथं कशाला येईल ती,” ते म्हणाले. “चढ बघूनच बसते ती.”

तिथून कोठडी. आत जेमतेम एक माणूस मावेल एवढा काळोख. काकांनी गजांतून आत वाकून पाहिलं, जणू काकूंना कोणी आत कोंडलं असेल. “अगं ए!” आतून त्यांचाच आवाज परत आला. बाहेर आइसक्रीम खाणारी पोरं हसली. अकरा दिवस ज्यांचा मला धाक वाटला त्या माणसाला लोक हसत होते, आणि त्याला तिथे मी आणलं होतं.

“काका, पाणी प्या.”

“नको. पुढं काय आहे?”

पुढे पूल होता. पाच कमानींचा, जुना, खाली नदी. काका कठड्याला धरून खाली वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. पाण्यात बदकं होती.

“पाणी खोल आहे का?” त्यांनी विचारलं.

“नाही हो काका. गुडघाभर.”

“तिला चक्कर येते कधी कधी. उन्हात.”

ऊन कसलं, ढगच होते. मग त्यांनी एकदम ओरडून हाक मारली, “इंदू! ए इंदू!” मला तोवर काकूंचं नावही माहीत नव्हतं. यादीत असेलच, पण मी तिथे फक्त ‘सौ. शेटे’ वाचत आले होते. ती हाक ऐकून मला माझीच लाज वाटली. आता सांगून टाकावं, असं जिभेवर आलं. तेवढ्यात ते सरळ झाले.

“तो मनोरा,” त्यांनी चर्चकडे बोट केलं. “त्याच्यावर चढता येतं ना? यादीत आहे. वरनं सगळं गाव दिसेल. आधीच सुचायला पाहिजे होतं.”

“एकशे एक्केचाळीस पायऱ्या आहेत, काका. तुम्हाला झेपायचं नाही.”

“माझी बायको हरवलीय, मॅडम. पायऱ्या काय सांगताय!”

मी त्यांच्या पुढे की मागे चालत होते ते आठवत नाही. मनोऱ्याच्या दाराशी बसलेल्या स्वयंसेवक बाईंनी आम्हाला तिकीट दिलं आणि सावकाश जा म्हणाल्या. गोल गोल अरुंद जिना, हाताला धरायला कठड्याऐवजी जाड दोर. दर वीस पायऱ्यांना काका थांबत. त्यांच्या छातीचा आवाज दगडांतून ऐकू येत होता. या म्हाताऱ्याला इथे काही झालं तर ते माझ्यामुळे, हे मी प्रत्येक पायरीला मनात म्हणत होते. तरी तोंड उघडलं नाही. एकदा दिलेला शब्द मोडायचा कधी, हे मला कळत नव्हतं. अजूनही नीट कळत नाही.

वर वारा होता. खाली बाजाराच्या रंगीत ताडपत्र्या, लोणीबाजाराचे खांब, गढी, नदी. काका एकेक बाजू करत फिरले. बाजाराची बाजू झाली. नदीची झाली. मी मुद्दाम मागच्या कठड्याला पाठ लावून उभी राहिले.

“सरका,” ते म्हणाले.

सरकले. दुसरं काय करणार?

सात धुराडी, त्यामागे सात चिमुकल्या बागा. चौथ्या बागेत दोन खुर्च्या. मोहरीच्या रंगाचा एक ठिपका आणि त्याच्यावर जांभळा. एवढ्या उंचीवरूनही दिसत होतं की मान मागे टाकून ती बाई झोपली आहे. शेजारची म्हातारी कसलीशी छत्री उघडून तिच्या तोंडावर सावली धरत होती. मघाशी ढग होते, आता ऊन पडलं होतं.

काका ओरडतील असं वाटलं. त्यांनी तोंड उघडलंही. मग मिटलं.

“झोपलीय,” ते म्हणाले.

“हो.”

“तुम्हाला ठाऊक होतं.”

“हो, काका.”

“फोन?”

“नाही केला.”

आता मारतील, अशीच माझी समजूत. चूक कबूल करायची ती एकदाच, म्हणून मी सगळं सांगितलं. धर्मशाळा, बूट, मटार, एक तास. हरवलेल्या माणसावर कोण चिडत नाही, हेही सांगितलं. ते सांगायला नको होतं कदाचित. पण सांगितलं.

त्यांनी टोपी काढून हातात धरली. टोपीखाली त्यांचं डोकं फार लहान दिसलं.

“माझ्या रिटायरमेंटच्या दिवशी,” ते म्हणाले, “ऑफिसातल्यांनी सत्कार केला. रात्री घरी आलो. ती म्हणाली, छत्तीस वर्षं धरणांचे नकाशे काढले तुम्ही, मला एक धरण पण दाखवलं नाही. हसत म्हणाली हो. भांडायला नाही. पण मला ते लागलं. खरंच दाखवलं नव्हतं. बायकामाणसाला धरणावर काय न्यायचं, असं होतं तेव्हा. गोव्याला गेलो नाही, महाबळेश्वर कराडापासून एवढ्याशा अंतरावर, तिथं गेलो नाही.” ते खाली बघत होते. “मी ठरवलं. आता हिला एवढं दाखवायचं की जगात कोणी दाखवलं नसेल. एकसुद्धा सोडायचं नाही. उद्या तिनं म्हणायला नको, हे राहिलं. मला काय करायच्यात राण्यांच्या कबरी? मी प्रत्येक ठिकाणी तिच्या तोंडाकडं बघतो, आवडलं का म्हणून. ती मान हलवते. मग मी खूण करतो.”

मला रडू आलं. अकरा दिवस मी या माणसाला खडूस म्हणत होते, ड्रायव्हरपाशी नक्कल करून दाखवत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ते बरं झालं.

“किती वेळ मागितला म्हणालात?”

“एक तास. तीन चाळीसपर्यंत.”

त्यांनी घड्याळ पाहिलं. “अजून पंचवीस मिनिटं आहेत.”

“काका, खाली जाऊन भेटता का त्यांना?”

“झोपलेल्या माणसाला उठवायचं?” ते एकदम माझ्यावर उखडले, अगदी ऑक्सफर्डसारखे. मग मऊ होऊन म्हणाले, “माझं नाव काढू नका तिच्यापाशी. वर आलोच नाही आपण.”

उतरायला आम्हाला बराच वेळ लागला. चौकात आलो तर पाटणकर वहिनी चहाच्या दुकानाच्या दारातच. शोध लागला का, बाकीचं बघायचं राहिलं त्याचं काय, चहा भलताच पाणचट होता, लोक कंटाळलेत. मी म्हटलं, काकू सापडल्या, येताहेत, तुम्ही बसमध्ये बसून घ्या. आणि पुढचं इथेच सांगून टाकते. त्या टूरची तक्रार गेलीच. शेटेकाकांची नव्हे, बाकीच्या नऊ जणांची, सह्यांसकट, पहिली सही मुख्याध्यापिकेची. ऑफिसात विचारलं, माणूस हरवल्याचा फोन का केला नाहीस? व्हिसाचे फॉर्म मी सहा वर्षं भरले. मला त्याचं वाईट वाटलं, खूप वाटलं. पण ते नंतरचं.

ग्लेन, आमचा ड्रायव्हर, बस चौकाच्या कडेला घेऊन आला होता. चारला चाक हललंच पाहिजे, नाहीतर कायद्याने ठरलेले त्याचे दिवसाचे गाडी चालवायचे तास संपतात, हे त्याने सकाळीच बजावलं होतं. लोक चढत होते. काका दगडी छत्रीच्या पायरीपाशी उभे होते, रस्त्याकडे तोंड करून, हात मागे बांधून. खांद्यावर कोळिष्टक होतं, मनोऱ्यातलं. मी ते झटकलं.

तीन चाळीस झाले. पंचेचाळीस झाले. मग चर्चच्या भिंतीला धरून काकू येताना दिसल्या. चाल सावकाश, पण सकाळपेक्षा सरळ. हातात वर्तमानपत्राची पुडी होती, तिच्यातून मटारची एक शेंग बाहेर डोकावत होती. काकांना पाहिलं तशी त्यांची पावलं अडखळली. मी दोघांच्या मधून बाजूला झाले.

“कुठं गेलतीस?” काकांनी विचारलं. आवाज जितका चढायला हवा होता तितका चढला नाही.

“वाट चुकले.” काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. “तुम्ही लई शोधलंत का?”

“शोधलं की. इथंच जरा. आसपास.”

“चिडलात?”

“हरवलीस त्यात तुझी काय चूक?”

काकू थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. घामाने चिकटलेले केस, लाल झालेलं नाक.

“आणि तुमचं बघायचं? सात होती ना? माझ्यापायी राहिली असतील.”

“काही राहिलं नाही,” काका म्हणाले. “सगळं बंद होतं.”

“गढी?”

“बंद.”

“आणि तो एवढा मोठा मनोरा?”

“तो पण बंद. शनिवारी काही उघडं नसतं इथं. या मॅडमना विचार.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आमच्या मागे सातशे वर्षांचा शनिवारचा बाजार ओरडत होता.

“बाई गं,” काकू म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. “बरं झालं. मला आपलं वाटत होतं, तुम्ही माझ्याशिवाय बघितलं असेल सगळं.”

काकांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

“बंदच होतं तर उभे काय राहिलात?” काकूंनी पदराने पायरी झटकली आणि स्वतः बसल्या. “बसा की जरा.”

शेटेकाका त्यांच्या शेजारी बसले. काकूंनी मांडीवर पुडी सोडली, एक शेंग त्यांच्या हातात दिली, एक स्वतः घेतली. दोघांनी काही पाहिलं नाही. मी बसकडे वळले आणि काचेपलीकडे घड्याळ दाखवणाऱ्या ग्लेनला दोन्ही हातांची दहा बोटं पसरून दाखवली.